तिथल्याच माणसांमधून

यरुशलेमच्या आद्य मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, उठलेल्या ज्या पहिल्या तक्रारीची नोंद बायबलमध्ये सापडते, ती धर्मतत्त्वाविषयीची नसून अन्नाच्या वाटपाविषयीची आहे. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते, असे ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्यांचे म्हणणे होते. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात ही हकीकत अवघ्या काही वचनांत सांगितली आहे. बारा प्रेषितांनी तक्रार दडपली नाही आणि वाटपाची सूत्रे स्वतःच्या हातात अधिक घट्टही धरली नाहीत. त्यांनी मंडळीलाच सांगितले, की तुमच्यातून सात माणसे निवडा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव ही ती सात नावे, आणि सातही नावे ग्रीक आहेत. ज्या गटाला डावलले जात होते, बहुधा त्याच गटातल्या माणसांच्या हाती वाटपाचा कारभार गेला. गरीब वस्त्यांमधल्या मिशनकार्याविषयी वाचताना आणि त्यातले थोडेफार जवळून पाहताना मी वारंवार या अध्यायाकडे वळते. स्थानिक नेतृत्व घडवण्याविषयी पुढे जे असंख्य ठराव झाले आणि योजना आखल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये न दिसणारे धैर्य इथे दिसते. तक्रार करणाऱ्यालाच कारभार सोपवायचा, हे ते धैर्य.

पौल आणि बर्णबा या आद्य प्रचारकांची पद्धत याहूनही धाडसी होती. लुस्त्र, इकुन्य आणि पिसिदियातील अंत्युखिया या गावांमध्ये त्यांनी मंडळ्या स्थापन केल्या आणि त्याच प्रवासात परत फिरताना प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ पुढारी, नेमून, उपास आणि प्रार्थना करून, ते पुढे निघून गेले. त्या मंडळ्यांचे वय तेव्हा फार तर काही महिन्यांचे असेल. या वडिलांपैकी काहींना सभास्थानामुळे, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहामुळे, शास्त्राचा परिचय आधीच होता, हे खरे, आणि ही सोय पुढच्या काळातल्या मिशनऱ्यांना नव्हती, हेही मान्य करावे लागेल. तरीसुद्धा महिन्यांचे हे अंतर आणि एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांनी स्थानिक माणसाला पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मसेवक, म्हणून दीक्षा देण्यासाठी घेतलेली वर्षानुवर्षे यांची तुलना मनातून जात नाही. ‘ते अजून तयार नाहीत’ हे वाक्य मिशनच्या इतिहासात इतक्या वेळा आणि इतक्या प्रामाणिकपणे उच्चारले गेले आहे, की त्यामागचा सद्भाव नाकारता येत नाही. पण माणसाची तयारी जबाबदारीच्या आधी पूर्ण होत नाही. तिचा बराच मोठा भाग जबाबदारी अंगावर पडल्यावरच होतो. ज्याला कधी मंडळीचा हिशेब हाताळू दिला नाही, त्याला हिशेब येत नाही अशी तक्रार करणे न्यायाचे नाही.

ही गोष्ट त्या काळातल्या काही धुरीणांना स्पष्ट दिसत होती. लंडनमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव असलेले हेन्री वेन आणि बोस्टनमध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे सचिव असलेले रुफस अँडरसन या दोघांनी, समुद्राच्या दोन तीरांवर बसून, साधारण एकाच काळात एकच विचार मांडला. नवी मंडळी आपला खर्च आपण चालवणारी, आपला कारभार आपण पाहणारी आणि आपला प्रसार आपणच करणारी असावी, आणि अशी मंडळी उभी राहिली की मिशनने तिथून आनंदाने आपले अस्तित्व संपवून पुढच्या प्रदेशात जावे. अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या या आग्रहाची झळ मराठी मुलखातल्या मिशनलाही पोहोचली. शाळा आणि संस्था वाढवण्यापेक्षा गावोगावच्या मंडळ्या आणि त्यांचे एतद्देशीय पाळक यांच्याकडे लक्ष द्या, असे त्यांचे म्हणणे होते. शाळांविषयीची त्यांची ही भूमिका मला एकांगी वाटते, कारण गरिबाच्या मुलाला मिळालेले शिक्षण हे मंडळीच्या हिशेबात न बसणारे, तरीही स्वतंत्र मोलाचे दान आहे. पण पाळकांविषयी ते बरोबर होते.

विचार कागदावर असतो तेव्हा त्याला विरोध होत नाही; तो एखाद्या माणसाच्या रूपाने समोर उभा राहिला की होतो. सॅम्युएल अजायी क्राउदर यांचे आयुष्य याची साक्ष देते. योरुबा मुलखात जन्मलेला हा मुलगा किशोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने गुलामांचे जहाज पकडले तेव्हा सुटला, फ्रीटाउनला शिकला आणि १८२७ मध्ये सुरू झालेल्या फोरा बे संस्थेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाला. १८४३ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. योरुबा भाषेतल्या बायबलचे मोठे काम त्याच्या हातून झाले. १८६४ मध्ये वेन यांच्या आग्रहावरून कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये क्राउदर बिशप झाले. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळीतले ते पहिले आफ्रिकन बिशप. नायजर नदीच्या खोऱ्यातले काम त्यांनी आफ्रिकन सहकाऱ्यांना घेऊन उभे केले. प्रदेश अफाट होता, पैसा अपुरा होता आणि नदीतून ये-जा करण्यासाठी बहुतेक वेळा व्यापारी जहाजांवर विसंबावे लागत होते. सहकाऱ्यांपैकी काहींच्या हातून चुका झाल्या, काहींचे वर्तन आक्षेपार्ह होते, हेही खरे. पण १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी या कामाची झडती घेतली, ती वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या बिशपांना बाजूला सारून. बिशपांच्या अनेक सहकाऱ्यांना या तरुणांनी कामावरून दूर केले. पुढच्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी क्राउदर वारले. त्यांच्या जागी युरोपियन बिशप नेमला गेला, आणि त्या भागात बिशपप्रांताचा प्रमुख म्हणून पुन्हा आफ्रिकन माणूस येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला.

हा प्रसंग वाचताना मला राग येतो, पण त्या रागापेक्षा एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. युरोपियन मिशनरी चुकला की तो एकटा चुकलेला मानला जाई. आफ्रिकन सेवक चुकला की सारा आफ्रिकन समाज अजून अपरिपक्व असल्याचा तो पुरावा ठरे. आजही, जिथे दान देणारे दूर राहतात आणि काम करणारे गरीब वस्तीत राहतात, तिथे ही दुहेरी मोजपट्टी गेली आहे असे म्हणवत नाही. स्थानिक पाळकाच्या हिशेबात शंभर रुपयांची तफावत आली तर त्याच्या चारित्र्याची चर्चा होते. बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या प्रवासखर्चाची चर्चा सहसा होत नाही.

पैशाचा विषय इथे टाळता येणार नाही, कारण गरीब मंडळीत नेतृत्व नेमके तिथेच अडते. चीनच्या शांतुंग प्रांतात अनेक वर्षे काम केलेले जॉन नेव्हियस यांनी एक गोष्ट ओळखली होती. नव्याने विश्वास ठेवलेल्या उत्साही माणसाला मिशन लगेच पगारावर नेमते, तेव्हा त्याचे दोन प्रकारे नुकसान होते. शेजारीपाजारी त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवत नाहीत, कारण तो पगारासाठी बोलतो असे त्यांना वाटते. आणि मंडळीही त्याला आपला मानत नाही, कारण त्याला नेमणारा आणि काढणारा दुसराच असतो. म्हणून ज्याला ज्या धंद्यात असताना बोलावणे आले, त्याने त्याच धंद्यात राहून सेवा करावी, मंडळीला पेलेल तेवढ्याच सेवकांचा खर्च मंडळीने उचलावा, उपासनेची जागा तिथल्या घरांसारखी आणि तिथल्याच पैशातून बांधावी, आणि सगळ्यांना, नुसत्या निवडकांना नव्हे, नियमितपणे बायबल शिकवावे, असे त्यांचे सांगणे होते. १८९० मध्ये ते सेऊलला गेले आणि तिथल्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या तरुण मिशनऱ्यांपुढे त्यांनी हे सारे मांडले. चीनमध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते, ते कोरियात मनावर घेतले गेले. १९०७ मध्ये प्याँगयांगच्या सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेतून, बाहेर पडलेल्या पहिल्या सात कोरियन पदवीधरांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि त्यांच्यापैकी एकाला लगेच जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवण्यात आले. ज्यांच्याकडे नुकतेच पाळक आले होते, त्यांनी पहिल्या खेपेलाच एक पाळक देऊन टाकला. कोरियन मंडळीच्या वाढीला तिथल्या राजकीय परिस्थितीपासून त्याच वर्षीच्या धार्मिक जागृतीपर्यंत इतरही कारणे होती, त्यामुळे सारे श्रेय एका पद्धतीला देणे बरोबर होणार नाही; पण त्या सात जणांचा खर्च आणि मान दोन्ही त्यांच्याच लोकांकडून आला, हे विसरता येत नाही.

गरीब माणूस काय देणार, असा प्रश्न पुष्कळदा करुणेपोटी विचारला जातो, आणि तो विचारताना गरिबाचा किती मोठा हक्क आपण काढून घेतो हे विचारणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. याचे उत्तर मिझोरामच्या स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दिले आहे. तिथे घरातली स्त्री स्वयंपाकासाठी तांदूळ काढते तेव्हा शिजवण्याआधी त्यातला मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकते. दोन वेळा चूल पेटली तर दोन मुठी. मंडळीतल्या स्त्रिया घरोघर जाऊन तो गोळा करतात, तो विकला जातो आणि आलेली रक्कम मंडळीच्या कामाला लागते. नाणे ज्या घरात क्वचितच दिसत असे, त्या घरालाही यामुळे देणाऱ्यांत जागा मिळाली. या मुठींच्या बळावर मिझो मंडळीने आपले सेवक पोसले आणि पुढे आपले मिशनरी बाहेर धाडले. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट रकमेची वाटत नाही. ज्या पाळकाच्या ताटातला भात शेजारच्या घरांतल्या मुठींतून आला आहे, तो त्या घरांना बांधलेला असतो, आणि ती घरेही त्याला हक्काने जाब विचारू शकतात.

आता शिक्षणाविषयी. गरीब वस्तीतल्या होतकरू तरुणाला हेरायचे, दूरच्या शहरातल्या सेमिनरीत तीन-चार वर्षांसाठी पाठवायचे आणि पदवी देऊन परत आणायचे, ही रूढ वाट आहे. तिचे फळ अनेक ठिकाणी सारखेच दिसले: तरुण परत येत नाही, किंवा येतो तेव्हा त्याची भाषा, पोशाख आणि अपेक्षा अशा बदललेल्या असतात की वस्तीला त्याचा खर्च झेपत नाही आणि त्याला वस्ती झेपत नाही. यात त्या तरुणाला दोष देण्यासारखे काही नाही. आपणच त्याला बाहेर काढले. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ही अडचण उघडपणे मान्य केली आणि १९६३ मध्ये शिक्षणाची दिशाच उलटी केली. ज्यांना लोक आधीपासूनच आपला पुढारी मानत होते, त्या शेतकरी, मजूर, दुकानदार अशा कुटुंबवत्सल माणसांना घर आणि काम सोडायला न लावता शिक्षकच त्यांच्या भागात जाऊ लागले. विद्यार्थ्याने स्वतःहून शिकता येईल अशा रीतीने लिहिलेली पाठ्यपुस्तके घरी अभ्यासायची आणि आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षकासह जमायचे, अशी ती रचना होती. ती लॅटिन अमेरिकेत, आफ्रिकेत आणि आशियात झपाट्याने पसरली. भारतातही १९७१ पासून याच धर्तीवर काम सुरू झाले.

अशा एका संध्याकाळच्या वर्गात मी काही वेळा मागे बसले आहे. दिवसभर बांधकामावर राबून आलेला एक माणूस तिथे येत असे. हात धुतलेले असले तरी बोटांच्या पेरांत सिमेंटची पांढरी रेघ राहिलेली असे. वाचताना तो बोट ओळीखालून सरकवत असे आणि अवघड शब्दापाशी थांबून तो दोनदा उच्चारत असे. त्या दिवशी द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला वाचायचा होता, ज्यात दिवसभर राबलेल्यालाही एक दीनार आणि शेवटच्या घटकेला आलेल्यालाही एकच दीनार मिळतो. देवाच्या कृपेविषयी शिक्षकाने सांगायला सुरुवात केली, तेव्हा या माणसाने मध्येच विचारले, की अकराव्या तासापर्यंत ते लोक चौकात का उभे होते, याकडे कोणी का पाहत नाही? ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही,’ असे ते स्वतःच सांगतात. कामाच्या शोधात नाक्यावर उभे राहून दुपार उलटलेली ज्याने भोगली आहे, त्याला ते वाचताच कळले, की मालकाने दिलेला दीनार म्हणजे त्या घरातली त्या रात्रीची चूल आहे. शिक्षक काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी आपली वही मिटली आणि त्यालाच पुढे बोलायला सांगितले. पुढे त्या वर्गातले उपदेश बदलले, असे मला वाटते. ज्याला आपण शिकवायला गेलो त्याच्याकडे शास्त्राचा असा एक अर्थ असतो जो आपल्याकडे नसतो, हे मान्य केल्याशिवाय स्थानिक नेतृत्वाची भाषा पोकळच राहते.

अर्थात गरीब वस्तीतल्या नेतृत्वाचे गुणगान करून थांबणे हाही त्या माणसांवर अन्यायच आहे. असा पाळक किंवा वडील बहुधा स्वतः कर्जात असतो. आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवणे, नवराबायकोचे भांडण मिटवणे, मयताची व्यवस्था पाहणे, दारू सोडू पाहणाऱ्याजवळ रात्र जागणे ही सारी कामे त्याच्याकडे येतात आणि त्याच्या स्वतःच्या थकव्याची विचारपूस करणारे कोणी नसते. काही जण अशाने मोडतात. काही जण, उलट, मंडळीला आपली जहागीर समजू लागतात. हिशेब दाखवत नाहीत, मुलालाच वारस नेमतात, आणि बाहेरचे देणगीदार फक्त त्यांच्याशीच व्यवहार करत असल्यामुळे त्यांची सत्ता आणखी पक्की होते. म्हणून पौलाने एकेका मंडळीत ‘वडील’ नेमले, अनेकवचनी, ही गोष्ट मला फार व्यवहारी शहाणपणाची वाटते. मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हेच सांगितले होते: हे काम तुझ्या एकट्याच्या शक्तीबाहेरचे आहे, तू झिजून जाशील आणि हे लोकही झिजून जातील.

आणि स्त्रियांचे काय? गरीब वस्तीतली मंडळी प्रत्यक्षात कोण चालवते हे पाहिले, तर प्रार्थनेला लोकांना बोलावणे, आजाऱ्यांकडे जाणे, मुलांना वचने पाठ करून घेणे आणि मुठीमुठीने धान्य गोळा करणे हे सारे बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात. प्रशिक्षणाची यादी तयार होते तेव्हा मात्र तिच्यात पुरुषांची नावे असतात. फिलिप्पै शहरातली आद्य मंडळी जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेच्या घरी जमू लागली होती. ज्यांना नेतृत्वाचा आधार बायबलमध्येच हवा असतो, त्यांना तो तिथे सापडायला हरकत नसावी.

१९१० मध्ये एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधींमध्ये आशियाई प्रतिनिधी मूठभर होते, आणि त्यांच्यातले एक म्हणजे तिरुनेलवेली भागातल्या एका ग्रामीण पाळकाचे चिरंजीव, व्ही. एस. अझरय्या. परदेशी मिशनरी आणि देशी सेवक यांच्या संबंधांवर बोलताना त्यांनी पौलाच्या पत्रातल्या प्रीतीवरच्या प्रसिद्ध अध्यायातलेच शब्द घेतले. तुम्ही गरिबांना अन्न देण्यासाठी आपली मालमत्ता दिली, आपली शरीरे जाळण्यासाठी दिली. आम्ही प्रीतीही मागतो, आम्हांला मित्र द्या, असे ते म्हणाले. सभागृहातल्या अनेकांना ते बोलणे झोंबले. १९१२ मध्ये अझरय्या अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप झाले आणि निजामाच्या राज्यातल्या दोर्नकल येथे, प्रामुख्याने माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या, भूमिहीन आणि दरिद्री समाजांमध्ये, १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी काम केले. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्यातून पाळक आणि शिक्षक उभे करण्याचे ते काम होते.

मित्राची खूण कोणती, हे मला पुढच्या एका प्रसंगावरून कळते. पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे सरचिटणीस जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत, देणगीदारांच्याच सभेत, असे सुचवले की काही काळ परदेशातून मिशनरी आणि पैसा पाठवणे थांबवावे, म्हणजे आम्हांला आमच्या पायांवर उभे राहता येईल. १९७४ मध्ये लुसाका येथे भरलेल्या आफ्रिकी मंडळ्यांच्या परिषदेनेही तो विचार उचलून धरला. अनेकांना तो कृतघ्नपणा वाटला. मला ते मिशनच्या श्रमांना आलेले सर्वांत चांगले पीक वाटते, कारण ज्याला ‘नको’ म्हणण्याइतका आत्मविश्वास आला, त्याला घडवण्यात कोणाचा तरी वाटा होता. इथिओपियातल्या वोलायता भागात हा विराम युद्धाने लादला होता. इटलीच्या ताब्यात तो मुलूख गेल्यावर १९३७ मध्ये मिशनऱ्यांना निघून जावे लागले, तेव्हा मागे पन्नासच्या आतबाहेर बाप्तिस्मा घेतलेली माणसे उरली होती. काही वर्षांनी मिशनरी परतले, तेव्हा छळ आणि तुरुंगवास सोसूनही मंडळी हजारोंच्या घरात गेली होती आणि तिचे वडील, उपदेशक आणि हिशेब सारे तिचे स्वतःचे होते.

म्हणून कोणत्याही गरीब वस्तीतल्या मिशनकार्याचा अहवाल हाती आला, की किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केले हा आकडा मी नंतर पाहते. मंडळीच्या बँक-खात्यावर सह्या कोणाच्या आहेत, उपासनेची जागा कोणाच्या नावावर आहे, पाळकाला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि बाहेरून आलेली एखादी योजना तिथल्या वडिलांनी आजवर कधी नाकारली आहे का, हे मी आधी शोधते. नाकारली असेल, तर त्या नकारानंतरही देणारे आणि घेणारे एकमेकांकडे येत-जात राहिले का, हे त्यापुढचे पान उलटून पाहते.